फोनवर मराठी बोलायची नाही

ओलीमाती (धागाकर्ती)

मी इथे आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे. पाककृती वाचते, गणपतीच्या दिवसांत सगळ्यांच्या मखरांचे फोटो बघते. लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं, की अमेरिकेत हाताबाहेर गेलेल्या मुलांसाठी डोंगरात छान निवासी शाळा असतात, घोडे असतात, वर्षभरात मुलं सुतासारखी सरळ होऊन येतात. खाली तिघांनी पत्ता मागितला. हे त्या तिघांसाठी.

मी पुण्यात वाढले. अकरा वर्षांची असताना आम्ही न्यू जर्सीला आलो. पंधराव्या वर्षी मी शाळेत जाणं बंद केलं, हातावर ब्लेडने ओरखडे काढायला लागले, आणि एकदा घरातल्या सापडतील त्या गोळ्या खाल्ल्या. कारण होतं. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, इथेही सांगणार नाही. आईबाबा हादरून गेले होते. इथे ना आजी होती, ना काका, ना रात्री अकराला दार वाजवता येईल असं कुणी शेजारी. शाळेतून एका खाजगी शिक्षण सल्लागार बाईंचा नंबर मिळाला. त्या बाईंनी दोन भेटींत जागा सुचवली, यूटा राज्यात. बाबांनी घरावर दुसरं कर्ज काढलं.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये एका पहाटे चार वाजता माझ्या खोलीतला दिवा लागला. पलंगाशी दोन अनोळखी माणसं उभी. "सरळ चालत येणार की आम्ही उचलून नेऊ?" त्यांच्यामागे दारात आई होती, तिच्या हातात माझा लोकरीचा स्वेटर. मी तिला हाका मारत होते आणि ती स्वेटरची घडी घालत होती. उलगडायची आणि पुन्हा घालायची.

तिथे पोचल्यावर आधी बूट काढून घेतले. पळून जाऊ नये म्हणून सपाता. संडासात गेल्यावर आतून मोठ्याने आकडे म्हणायचे, आवाज थांबला तर दार उघडणार. परवानगीशिवाय बोलायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं नाही. सहा लेव्हल होत्या. वरची लेव्हल म्हणजे जास्त मोकळीक, आणि एका चुकीत पुन्हा तळाला. कुणी ऐकलं नाही की चौघं मिळून जमिनीवर पालथं दाबून धरायचे. त्याला 'होल्ड' म्हणत. माझ्यावर तो सात वेळा झाला. डाव्या खांद्याचं दुखणं अजून आहे, थंडीत जास्त.

पण मला सांगायचंय ते फोनबद्दल. पाच आठवड्यांनी पहिला फोन मिळाला. दहा मिनिटं, स्पीकरवर, शेजारी थेरपिस्ट. नियम असा की फक्त इंग्रजीत बोलायचं, कारण बाकीची भाषा त्यांना कळत नाही. मी आईशी आयुष्यात कधी इंग्रजीत बोलले नव्हते. "हाय मॉम" म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. तिचंही तेच. ती नुसती "यू आर ईटिंग?" म्हणत राहिली. चौथ्या मिनिटाला माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मला इथून ने गं, हे लोक मारतात." फोन बंद. माझी लेव्हल काढली आणि तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसवलं.

आईने पुढचा भाग मला पंधरा वर्षांनी सांगितला. फोन तुटल्यावर तिला लगेच थेरपिस्टचा फोन आला. "तिने मुद्दाम भाषा बदलली. ती तुम्हाला फिरवायचा प्रयत्न करते आहे. आता तुम्ही विरघळलात तर तिचा जीव जाईल." मी तिथे पोचण्याआधीच आईबाबांना एक छापील कागद दिला होता. मुलं काय काय सांगतील त्याची यादी. जेवण वाईट आहे. झोपू देत नाहीत. मारतात. मला घरी न्या, मी शहाण्यासारखी वागेन. मी जे जे खरं सांगणार होते ते सगळं माझ्याआधी त्यांच्या हातात पडलं होतं, आणि त्यावर 'खोटं' असा शिक्का होता.

चौदा महिने होते तिथे. त्यानंतर मी आईला पत्रातही काही सांगितलं नाही.

---

रानपाखरू

ताई, वाचून हात थरथरतायत. स्वेटरच्या घडीपाशी पुढे वाचवेना. लिहिलंस ते फार बरं केलंस.

---

सनीवेलकर

ओलीमाती, तुमच्या बाबतीत जे झालं ते भयंकर आहे, त्याबद्दल शंकाच नाही. पण पत्ता मागणाऱ्यांतला एक मी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दोनदा त्याच्याकडे गोळ्या सापडल्या. इथे आता कशातही फेंटॅनिल (फार जहाल अमली द्रव्य) मिसळलेलं असतं, एका गोळीत मूल जातं. आमच्या मुलाच्या शाळेतला एक मुलगा गेला. मी रात्री तीनदा उठून याचा श्वास चालू आहे का बघतो. बायको तर त्याच्या दारापाशीच गादी टाकून झोपते. अशा आईबापांनी काय करायचं? सगळ्याच जागा वाईट असतील असं कसं म्हणता येईल? २००४ ला आता वीस वर्षं होऊन गेली, कायदे बदलले असतील ना?

---

ओलीमाती

सनीवेलकर, तुमच्यावर रागावलेले नाही. माझे बाबा तुमच्यासारखेच रात्री उठून बघायचे. म्हणूनच सविस्तर लिहिते.

हे वीस वर्षांपूर्वीचं नाही, त्याहून खूप जुनं आहे. आमच्याकडे रोज दुपारी 'ग्रुप' असायचा. एकीला मध्ये बसवायचं आणि बाकीच्यांनी तिच्यावर ओरडायचं, ती कोसळून रडेपर्यंत. जी ओरडणार नाही तिची लेव्हल जाणार. मला वाटायचं हे या लोकांनीच काढलेलं खूळ आहे. मोठेपणी वाचायला लागले तेव्हा कळलं की याचं मूळ सिनॅनॉनमध्ये आहे. चार्ल्स डेडरिक नावाच्या माणसाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात व्यसनी लोकांसाठी ही संस्था काढली. तिथे याला 'द गेम' म्हणत. पुढे तिचा पंथच झाला, आणि १९७८ मध्ये तर त्यांच्याविरुद्ध खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत त्यांच्या माणसांनी जिवंत रॅटलस्नेक ठेवला. सिनॅनॉन बुडाली, पण ती ओरडण्याची पद्धत तोवर पोरांच्या शाळांमध्ये शिरली होती. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सीडू या निवासी शाळेत ती होती. मेन राज्यातल्या एलान शाळेत होती, तिथे तर मुलांना रिंगणात उभं करून एकमेकांशी मुष्टियुद्ध करायला लावत. ती १९७० पासून थेट २०११ पर्यंत चालली.

सगळ्या जागा वाईट आहेत का? मी सगळ्या पाहिलेल्या नाहीत. पण अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने, जीएओने, ऑक्टोबर २००७ मध्ये यावर साक्ष दिली. त्यांनी दहा मुलांच्या मृत्यूंचा बारकाईने तपास केला होता. २००५ या एकाच वर्षात ३३ राज्यांनी मिळून अशा निवासी ठिकाणच्या १,६१९ कर्मचाऱ्यांचा मुलांवरच्या अत्याचाराच्या घटनांशी संबंध असल्याचं कळवलं होतं. हे आकडे फक्त ज्यांची नोंद झाली त्यांचे. माझे सात होल्ड त्यात कुठेही नसतील.

आणि आताचं विचारलंत म्हणून. मे २०२० मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू इथे अशाच एका निवासी ठिकाणी सोळा वर्षांचा एक मुलगा गेला. जेवताना पाव फेकला म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्याला दाबून धरलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात रानात नेणाऱ्या एका कार्यक्रमात बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री गुदमरून मेला. त्याला झोपवायच्या छोट्या तंबूला तो बाहेर पडू नये म्हणून अलार्म लावलेला होता. राज्याने नंतर त्या कार्यक्रमाचा परवाना काढून घेतला. बारा वर्षांचा. माझा भाचा बारा वर्षांचा आहे, अजून झोपताना पांघरूण ओढून घ्यायला आईला हाक मारतो.

कायदा बदलला, पण थोडाच. हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातली पॅरिस हिल्टन स्वतः किशोरवयात यूटामधल्या प्रोव्हो कॅनियन शाळेत होती. तिने २०२० मध्ये ते जाहीर सांगितलं आणि २०२१ मध्ये यूटाच्या सिनेट समितीपुढे साक्ष दिली. त्या वर्षी यूटाने कायदा केला. वर्षाला चार तपासण्या, आणि मुलाला आठवड्यातून एकदा घरच्यांशी खाजगीत बोलायची मुभा. हे कलम वाचलं त्या रात्री मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून खूप रडले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचाही कायदा आला, पण तो मुख्यतः अभ्यास करायला सांगतो. कुठलीही जागा त्याने बंद होत नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. मी डॉक्टर नाही. एवढंच सांगते, घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे अशा गोळीचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा आजच आणून ठेवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. आणि असा उपचार शोधा ज्यात मुलगा रात्री स्वतःच्या पलंगावर झोपेल.

---

जुईच्या_कळ्या

मी पुण्यात मुलांची मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. ओलीमाती, तुम्ही शेवटी लिहिलंत ते अगदी योग्य आहे. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसाठी, व्यसनात अडकलेल्या मुलांसाठी आज चांगले उपचार आहेत. डीबीटी ही थेरपी मुळात स्वतःला इजा करणाऱ्या माणसांसाठीच विकसित झाली. घरी येऊन सगळ्या कुटुंबाबरोबर काम करण्याच्या पद्धती आहेत. काही वेळा रुग्णालयात ठेवावं लागतं, हे खरं आहे. जीव धोक्यात असेल तर ठेवावंच. पण ते दिवसांचं काम असतं, आणि तिथे मूल आईशी बोलू शकतं.

सनीवेलकर, मुलाच्या बाबतीत ओपिऑइडचा (अफूच्या जातीच्या, फेंटॅनिलसारख्या द्रव्यांचा) प्रश्न असेल तर त्यावर औषधं आहेत, सोळा वर्षांपासून देता येतात. त्यासाठी व्यसनाचं काम करणारे बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. शिक्षण सल्लागार हा डॉक्टर नसतो.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं लिहिते, कारण माझ्याकडेही पालक येतात आणि "कुठेतरी टाकू का?" विचारतात. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. अठराखालच्या मुलाला अगदी अपवादानेच दाखल करता येतं. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं. मुलासोबत पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ राहायला हवं. ७२ तासांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाला कळवायला हवं. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे, एकट्याला कोंडायलाही. बांधून ठेवणं शिक्षा म्हणून तर नाहीच नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागेला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यानंतर सोळा वर्षांनी हे कलम आलं.

कुठलंही केंद्र "तीन महिने भेटायला यायचं नाही" म्हणालं, की पायरीवरूनच परत फिरा.

---

पारनेरची_लेक

जुईताई, कायदा आहे पण तो गावापर्यंत यायला पाहिजे ना. माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा होता. दारू प्यायचा, आईवर हात उगारायचा. वडिलांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला. रात्री जीप आली, चार जण उतरले, पोराला अंथरुणातून उचलून नेलं. पहाटे नाही तर रात्री, एवढाच फरक. बाकी ओलीमातीताईंची गोष्ट वाचताना मला आमचंच अंगण दिसत होतं.

त्यांनीही सांगितलं होतं, पहिले तीन महिने भेट नाही, पोरगं रडेल, गोष्टी रचून सांगेल, तुम्ही मन घट्ट करा. आई घट्ट राहिली. तिसऱ्या महिन्यात तो आला तेव्हा त्याच्या पाठीवर पाइपचे वळ होते. आईने विचारलं तर म्हणाला, पडलो. तो आता दारू पीत नाही, हे खरं आहे. वडील म्हणतात, बघ, गुण आला. पण तो रात्री दार लावून झोपत नाही. उघड्या ओसरीवर झोपतो, पावसात सुद्धा. जीपचा आवाज आला की उठून शेतात जातो. याला गुण येणं म्हणायचं का, मला सांगा.

चांगली केंद्रं आहेत, मला माहीत आहे. आमच्या ओळखीतले एक काका पुण्याला मुक्तांगणला जाऊन बरे झाले, अजून सांगतात. आमच्या नशिबात ते नव्हतं.

---

ओलीमाती

लेकी, तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग. मी अजून पहाटे चारला उठते. घड्याळ लागत नाही.

---

नाव_नको

हा आयडी आजच काढला.

मी पाठवणारी आई आहे. २०१६ साली मुलाला पाठवलं, आधी नऊ आठवडे रानात, नंतर अकरा महिने निवासी ठिकाणी. रानातल्या दिवसाला ५०० डॉलरच्या वर पडत होते. ह्यांनी निवृत्तीचे पैसे काढले. छापील कागद मलाही मिळाला होता, ओलीमाती. मी तो फ्रिजवर चिकटवला होता. त्याचं पत्र आलं की आधी त्या यादीशी ताडून बघायची. "थंडीने बोटं बधिर होतात" असं त्याने लिहिलं होतं, मी यादीत बघितलं, "गैरसोयींचं अतिरंजित वर्णन" होतं. मला हायसं वाटलं. हायसं!

पालकांसाठी शिबिरं असायची. त्यात आम्ही एकमेकांना धीर द्यायचो, "विश्वास ठेवा प्रक्रियेवर". एका बाईंनी मुलाला परत आणलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला कमकुवत ठरवलं. त्यात मीही बोलले.

त्याच्या दोन बोटांना आजही संवेदना नाही. तो मला फोन करतो, दिवाळीला येतो, जेवतो, ताट उचलून ठेवतो. सगळं नीट. पण त्याने मला काही सांगितलं तर मी काय करेन हे त्याला एकदा कळलेलं आहे. तो काहीच सांगत नाही.

माफी मागितली. "इट्स ओके, आई" म्हणाला. त्याच्या पुढे काय करायचं असतं?

---

ओलीमाती

नाव_नको, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री वाचला, आज लिहितेय.

तुम्ही वाईट आई होतात असं मी म्हणणार नाही, आणि तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही असंही म्हणणार नाही. माझ्या आईला मी बरीच वर्षं यातलं एकही वाक्य म्हणू शकले नाही.

आमच्यात फरक पडला तो माफीने नाही. २०१९ मध्ये आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू त्या दिवशी फोनवर काय सांगणार होतीस ते आता सांग. मी मधे बोलणार नाही." मग तीन दिवस मी सांगत होते. ती खरंच मधे बोलली नाही. "आम्हाला काय माहीत", "आम्ही तरी काय करणार होतो", यातलं काहीही नाही. एकदा उठून बाथरूममध्ये गेली, नळ सोडला, परत आली. "हं, पुढे." होल्डच्या जागेपाशी तिने नुसता माझा खांदा धरून ठेवला.

तुमच्या मुलाने सांगायला हवंच असं नाही. पण फ्रिजवरच्या कागदाचं तुम्ही आम्हाला सांगितलंत, ते त्याला सांगितलं आहे का? "माझं चुकलं" एवढंच नाही, तर यादीशी ताडून बघत होते, हायसं वाटलं होतं, हे. मला माझ्या आईकडून ते ऐकायचं होतं. मी वेडी नव्हते, मी खरं बोलत होते आणि ते खोटं ठरवायची व्यवस्था होती, हे तिच्या तोंडून.

---

डॅलसचा_मामा

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आता विचारतो ते तातडीचं आहे. माझी भाची, बहिणीची मुलगी, साडेपंधरा वर्षांची, जुलैपासून अशाच एका ठिकाणी आहे. राज्य सांगत नाही. बहीण-मेव्हणे म्हणतात छान चाललंय, थेरपिस्ट दर आठवड्याला मेल पाठवतो. मला फोनवर बोलू देत नाहीत, मी 'मंजूर यादीत' नाही. मागच्या पत्रात तिने बहिणीला लिहिलं, "गणपतीला मोदक केलेस का, मला करंजी आठवते." तिला करंजी अजिबात आवडत नाही, लहानपणापासून तोंड वाकडं करते. बहीण म्हणते, माणूस बदलतो. मला रात्रभर झोप नाही. काय करू?

---

ओलीमाती

मामा, ती करंजी गंमत म्हणून लिहिलेली नाही. पत्रं वाचली जातात, हे तिला माहीत आहे. घरच्याच माणसाला कळेल असं खोटं तिने लिहिलं आहे.

काय करायचं ते सांगते. तुमच्या हातात कायद्याने फार नाही. इथे आईवडिलांनी सही केली की मुलांना स्वतःहून बाहेर पडायची वाट फार अरुंद आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच आईवडिलांचा निर्णय मुख्य मानला आहे. म्हणून जे करायचं ते बहिणीकडून. तिच्याशी भांडू नका. तिला हा धागा वाचायला द्या, निदान नाव_नको यांचा प्रतिसाद. मग तिने न कळवता तिथे जायचं. फोन करून गेलं की खोली आवरलेली असते आणि मुलीला काय बोलायचं ते पढवलेलं असतं. "मुलीला जेवायला बाहेर नेते" म्हणायचं. त्यांनी नाही म्हटलं तर तेच उत्तर समजायचं. सही पालकांची आहे, तेवढ्याच हक्काने त्या तिला तिथून नेऊ शकतात. पैसे बुडतील, बुडू देत.

गाडीत बसल्यावर प्रश्न विचारू नका. मराठीत बोला. काहीही बोला. नंतर बाहेरच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, अंगावर काही असेल तर फोटो. प्रत्येक राज्यात अपंग आणि मनोरुग्णांच्या हक्कांसाठी केंद्र सरकारच्या कायद्याने नेमलेली एक संस्था असते, तिला अशा जागांमध्ये शिरून बघायचा अधिकार आहे. तिच्याकडे तक्रार करा, आणि राज्याच्या परवाना खात्याकडेही. आत अजून मुली आहेत.

---

सनीवेलकर

मामा, मी त्या भागात असेन तर गाडी घेऊन येतो. राज्य व्यनित (खाजगी निरोपात) कळवा. ओलीमाती, फवारा आणला. मुलाला कुठे ठेवलाय ते दाखवलं, कसा वापरायचा तेही दोघांनी मिळून बघितलं. तो म्हणाला, मित्राकडे जाताना खिशात ठेवू का? तीन महिन्यांत आम्ही पहिल्यांदा न ओरडता बोललो. पत्ता मागितलेला प्रतिसाद काढून टाकायला संपादकांना सांगितलं आहे.

---

जुईच्या_कळ्या

मामा, ती आली की पहिले काही दिवस ती परवानगी मागेल. पाणी प्यायला, उठायला, संडासला जायला. "अगं विचारतेस काय" असं हसून म्हणू नका. दर वेळी नुसतं "हो, जा" म्हणा. हळूहळू थांबेल.

---

डॅलसचा_मामा

नऊ दिवसांनी लिहितो आहे. बहिणीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रात्री तिचाच फोन आला, "करंजीचं मी लक्षात कसं घेतलं नाही रे." शुक्रवारी आम्ही दोघं विमानाने गेलो. मेव्हणे आले नाहीत.

बाहेरच्या स्वागतकक्षात पाऊण तास बसवून ठेवलं. डायरेक्टर म्हणाले, आत्ता नेलंत तर आत्तापर्यंतचं सगळं पाण्यात. बहीण म्हणाली, "माझी मुलगी आणा." इंग्रजीत दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा मराठीत, मोठ्याने. ते आत ऐकू गेलं असणार.

सपाता घालूनच आली. बूट त्यांनी टपालाने पाठवतो म्हणून सांगितलं.

आत्ता गॅस भरायला थांबलोय. ती मागच्या सीटवर बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. मघाशी पाणी पिऊ का विचारलं, मी "हो, पी" म्हणालो. बाकी सवडीने लिहितो.